चांदीची वाटी आणि शेजारचं चारू

आमच्या घरात माझ्या लेकीच्या तोंडावरून दोन पक्ष पडले होते, एक मैंदर्गीचा आणि एक अकलूजचा. मैंदर्गी हे सासूबाईंचं माहेर, त्या पक्षात त्या एकट्याच होत्या, पण त्या एकट्या दहाजणींना पुरून उरायच्या. अकलूजच्या, म्हणजे माझ्या माहेरच्या पक्षात मी, आणि अधूनमधून एसटीनं येऊन माझी बाजू लढवणारी माझी आई. वाद एकच होता: ही पोरगी गेलीय कुणावर?

वादाचं कारण असं, की पोरगी खात नव्हती. अंगावरचं दूध तेवढं प्यायची, वरचं काही म्हणजे काही नाही. पेज नको, वरणाचं पाणी नको, दुधात कुस्करलेली भाकरी तर नकोच नको. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. हिच्या पायांच्या आधी हनुवटी दिसली. नवीन काही समोर आलं, मग तो माणूस असो, खुळखुळा असो की घास असो, ती हनुवटी गळ्यात ओढून घ्यायची आणि भुवयांखालून बघत बसायची. आपण थांबलो तर तीही थांबायची. आपण पुढे सरकलो की असा टाहो फोडायची, की मागच्या विणकराच्या घरातला खटखटणारा माग थांबायचा आणि मग भिंतीपलीकडून विचारणा व्हायची, "काय झालं वहिनी?"

"खाण तशी माती," सासूबाई म्हणायच्या. "उसाच्या पान्यावर वाढलेली आई. पोराच्या जिभेला चव कशी असनार?"

माझी आई एवढ्यावर गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. "आमच्याकडं असलं अडून बसनारं कुनी न्हाय बाई. जावईबापू बघा की, ताटावर बसले की आधी भाजीचा वास घेतात, मग हात घालतात."

हे खरं होतं. ह्यांना पानात वाढलेली भाजी ओळखीची नसली, की हे ताटाकडं असे बघत, जणू त्या भाजीनं आधी आपलं गाव सांगावं. पण हे सासूबाईंच्या तोंडावर बोलायची माझी टाप नव्हती. आई बोलायची आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून जायची, उरलेलं मी निस्तरायचे.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती, मला घाई होती. लग्नाआधी मी डी.एड. झाले होते. लग्न झालं, सोलापूरच्या शुक्रवार पेठेतलं हे घर आलं, दुकानाचा रगाडा आला, मग दिवस गेले. शिकलेलं सगळं ट्रंकेत घडी घालून ठेवल्यासारखं झालं होतं. आणि त्या उन्हाळ्यात घरापासून चालत जाता येईल अशा शाळेत मला जागा मिळाली. जूनमध्ये हजर व्हायचं. मला इतका आनंद झाला होता, की भाकरी थापता थापता मी बाराखडी म्हणत होते. पोरगी तेव्हा रांगायला लागली होती.

ह्यांनी लगेच हो म्हटलं. सासूबाईंनीही नाही म्हटलं नाही. त्यांनी अट घातली.

"जा की. मी कुटं न्हाय म्हनलं? पन पोरीनं माज्या हातनं चार घास खाल्लेलं मला बघू दे, मग जा. दिसभर उपाशी पोर घिऊन मी बसनार न्हाय."

अट रास्त होती. रास्त होती म्हणूनच मला जास्त राग आला. पेठेतल्या डॉक्टरांनीही पोरीचा दंड चिमटीत धरून सांगितलं होतं, की नुसत्या दुधावर आता भागायचं नाही, वरचं सुरू करा. सुरू करा म्हणे! दोन महिने आम्ही दुसरं करत काय होतो?

हे सगळं सुरू झालं उष्टावणीपासून. पहिला घास मामानं भरवायचा, म्हणून माझा भाऊ अकलूजहून आला. येताना चांदीची वाटी घेऊन आला, ठसठशीत, काठाला नक्षी असलेली. सासूबाईंनी हुग्गी केली, म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर. गल्लीतल्या बायका जमल्या. भावानं सोन्याच्या अंगठीनं खीर उचलली आणि पोरीच्या ओठाला लावली. पोरीनं हनुवटी आत घेतली, विचार केला आणि ती खीर मामाच्या पांढऱ्या शर्टावर परत केली. सगळ्या हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत.

"दिष्ट लागली," त्या म्हणाल्या. "एवढ्या जनींच्या देखत कुनी भरवतं व्हय?"

त्या दिवसापासून आमच्या घरात पोरीला भरवण्याची एक रीतच पडली. आधी शेगडीत निखारे. मग सासूबाईंच्या मुठीत मीठ, मोहऱ्या आणि सुक्या लाल मिरच्या. मांडीवर पोर, समोर चांदीच्या वाटीत खीर. आल्यागेल्याची, शेजारणीपाजारणीची दृष्ट उतरवून मूठ निखाऱ्यांवर. मिरच्या तडतडायच्या आणि घरभर असा खाट सुटायचा, की पुढच्या दुकानातली गिऱ्हाइकं खोकत बाहेर पडायची. पोर शिंकायचं, डोळे चोळायचं, आणि तेवढ्यात घास तोंडाशी.

त्यातली गंमत अशी, की मिरच्यांचा ठसका लागला तर दृष्ट नव्हती, आणि लागला नाही तर होती, हे सासूबाईंचंच शास्त्र. ठसका रोज लागायचा. म्हणजे दृष्ट नव्हती. नव्हती तर मग पोर खात का नाही? म्हणून उद्या पुन्हा. मीही शिकलेली बाई, पण मीही पदर नाकाला लावून वाटी धरून बसायचे. खीर आणखी गोड केली, मग आणखी गोड केली. अकलूजहून काकवी मागवली. पोरीनं आम्हाला नाकी नऊ आणले.

मे महिन्यात सासूबाई भाच्याच्या लग्नासाठी मैंदर्गीला गेल्या. जाताना शेगडी, मिरच्या, मीठ सगळं दाखवून गेल्या, जणू मला ते सापडणारच नव्हतं. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. दुपारी आमच्या पत्र्याखाली बसणं म्हणजे तव्यावर बसणं. मी पोरीला कडेवर घेतलं आणि मागच्या दारानं अक्काकडं गेले.

अक्का म्हणजे आमच्या मागच्या घरातली तेलुगू बाई. तिचा नवरा मागावर बसायचा, ती कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. त्यांच्या घरात जमिनीवर पाणी शिंपडलेलं असायचं, म्हणून गार. आमच्या दोन घरांत एक भिंत होती आणि दुसरी एक न दिसणारी भिंत होती. ते लोक मांसमच्छी खाणारे, आम्ही लिंगायत. सासूबाई त्या घरातल्या बाईशी तासन् तास बोलायच्या, तिच्या पोरींच्या लग्नात राबल्या होत्या, पण तिथलं पाणीसुद्धा कधी प्यायल्या नव्हत्या. एवढ्या वर्षांत एकदाही नाही.

अपवाद एकदाच झाला आणि तोही माझ्यासाठी. मला दिवस गेले तेव्हा पोटात काही ठरत नव्हतं. एके दिवशी भिंतीवरून अक्काच्या चारूचा वास आला. चारू म्हणजे चिंचेचं पातळ सार, जिऱ्या-लसणीच्या फोडणीचं. मी म्हटलं, मला ते पाहिजे. सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "डोहाळं हायेत, त्येला काय करायचं?" त्या आपलं पातेलं घेऊन स्वतः भिंतीशी उभ्या राहिल्या आणि अक्कानं वरून, न शिवता, चारू ओतलं. मग रोजच ओतलं. तेवढे सगळे महिने मी चारूवर निभावले असं म्हटलं तरी चालेल. बाळंतपणाला माहेरी गेले आणि सगळं थांबलं. तूप, डिंकाचे लाडू, शेपू. आंबट दिसलं तरी आई डोळे वटारायची.

तर त्या दुपारी अक्का जेवत होती. जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या थाळीत भात आणि त्यावर चारू. एका हातानं जेवणं, डोळे सुताच्या गुंडाळ्यांवर, कारण नवऱ्याला कांड्या कमी पडत होत्या. पोरीनं नवीन घर पाहून हनुवटी आत घेतली. मी मनात म्हटलं, आता टाहो. पण अक्कानं तिच्याकडं पाहिलंच नाही. "ये गं, ये गं" नाही, टाळ्या नाहीत, गालगुच्चा नाही. तिला वेळच नव्हता. मी पोरीला खाली ठेवलं. ती माझ्या साडीचा काठ धरून बसून राहिली, बघत राहिली. मग काठ सोडला. मग रांगत थोडी पुढे गेली आणि परत मागं आली. पुन्हा पुढे गेली. थाळीच्या काठाशी पोचली, नाक पुढं केलं, आणि अख्खा पंजा भातात घातला.

मी उचलायला वाकले आणि तशीच राहिले.

पंजा तोंडात गेला. तोंड आंबलं, डोळे मिटले, अंगावर शहारा आला. मी म्हटलं, संपलं. आणि पंजा पुन्हा थाळीत गेला!

"तिनु पापा, तिनु," अक्का म्हणाली. खा बाळा, खा. तेही तिच्याकडं न बघता, आणि थाळी तेवढी जराशी पुढं सरकवली. पोरीनं भाताचा चिखल केला, तो नाकाला लावला, केसांना लावला, पण त्यातला निम्मा तरी पोटात गेला. मला ओरडावंसं वाटत होतं. ओरडले असते तर पोरगी दचकली असती, म्हणून मी तोंडात पदराचा बोळा कोंबून नाचले. खोटं सांगत नाही, नाचले. अक्काचा नवरा मागावरून बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी अक्काकडून चारूभात मागून आणला आणि आमच्या स्वयंपाकघरात थाटामाटानं चांदीच्या वाटीत वाढला. वाटी समोर ठेवताच पोरीनं किंकाळी फोडली. चवीच्या आधी, वासाच्या आधी. मी चक्रावले. कालचाच भात, कालचंच चारू. मग काय वेगळं? तोच भात मी पितळीत, म्हणजे आमच्या साध्या थाळीत उपडा केला, वाटी दूर सारली आणि पाठमोरी बसून शेंगा निवडायला लागले. थोड्या वेळानं मागं चपचप ऐकू आलं.

आता मात्र माझ्या अंगात आलं. मी वाटी धुतली, पुसली आणि नुसती रिकामी तिच्यापुढं ठेवली. किंकाळी! पाणी घालून ठेवली. किंकाळी! पदराखाली लपवली, गप्प. बाहेर काढली, किंकाळी! बिचारीला मी पुन्हा पुन्हा रडवायला नको होतं, पण तोवर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. वाटी दिसली की पाठोपाठ मिरच्यांचा धूर येतो, एवढं त्या इवल्या डोक्यानं पक्कं धरून ठेवलं होतं. दोष खिरीचा नव्हता, अकलूजच्या रक्ताचा नव्हता, मैंदर्गीच्याही नव्हता. पोरीला जेवणाची नव्हे, त्या वाटीची दहशत बसली होती.

आणि चारू? ते तिला ओळखीचं का वाटलं? पोटात असताना तिनं माझ्याबरोबर ते रोज चाखलं होतं, असं माझ्या मनानं तेव्हाच घेतलं. शपथेवर सांगायला मी कोण? पण डोहाळे आईचे असतात असं आपण समजतो, आणि आत बसलेलं माणूस पंगतीला असतंच की.

रात्री हे दुकान बंद करून आले. मी सगळं एका दमात सांगितलं. ह्यांनी पातेल्याचं झाकण काढलं, चारूवर वाकून वास घेतला आणि हनुवटी मागं ओढून, भुवयांखालून त्या पातेल्याकडं बघत राहिले. मांडीवरची पोरगीही तशीच बघत होती. मी इतकी हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणजे माझी आई अगदीच चुकीची नव्हती. चव पोटातून आली असेल, भीती धुरातून आली असेल, पण ते बिचकून उभं राहणं घरचंच होतं. आज माझी लेक चाळिशीच्या पुढं आहे. हॉटेलात नवीन पदार्थ आला, की हनुवटी अजूनही आधी आत जाते.

सासूबाई मैंदर्गीहून आल्या. मला पोटात काही ठेवता येत नाही. त्यांनी पाय धुवायच्या आत मी सगळं सांगून मोकळी झाले. त्या ऐकत राहिल्या. मग पायरीवरच बसल्या.

"म्हंजे मीच पोरीला उपाशी ठिवलं म्हन की."

माझं धाबं दणाणलं. "तसं न्हाय आत्याबाई. वाटी आमच्या अकलूजची, मिरच्या तुमच्या. दोष निम्मा निम्मा."

त्या हसल्या नाहीत. उठल्या, चांदीची वाटी कपाटात ठेवली, मिरच्यांचा डबा वरच्या फळीवर ढकलला. संध्याकाळी म्हणाल्या, "चारू म्या करते. त्यात काय मोटं?" त्यांनी चिंच कोळली, फोडणी दिली, सुरेख वास सुटला. पितळीत भात कालवून प्रेमानं पोरीपुढं धरला आणि आपल्या मैंदर्गीच्या कानडीत म्हणाल्या, "ऊट माडव्वा, नम्म कूसु," जेव गं, आमचं बाळ. पोरीनं त्यांचा हात पाहिला आणि किंचाळली. वाटी गेली होती, धूर गेला होता, पण मिरच्यांची मूठ ज्या हातात असायची तो हात तोच होता.

सासूबाईंचा चेहरा मला बघवेना. आतापर्यंत मला अट दिसत होती. त्या दिवशी मला त्यांचा जीव दिसला. नातीनं आपल्या हातचं खावं, याहून त्यांना दुसरं काही नको होतं, आणि माझी शाळा आठवड्यावर आली होती.

"आत्याबाई," मी म्हटलं, "तुमी भरवू नका. हाकसुद्धा मारू नका. अक्का बसती तसं नुसतं शेजारी बसा."

गप्प बसणं सासूबाईंच्या पाचवीला पुजलेलं नव्हतं. तरी बसल्या. मध्ये, सासूबाईंच्या हातचं तूर्त काहीच नको म्हणून, अक्काकडून आणलेल्या चारूभाताची पितळी, एका बाजूला नात, दुसऱ्या बाजूला आजी शेंगा फोडत. पहिल्या दिवशी पोरगी माझ्या पाठीमागून बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी आली, पण जेवली नाही. सासूबाईंच्या ओठांवर शब्द यायचे आणि त्या ते शेंगेबरोबर फोडून टाकायच्या. पुढं पोरगी खायला लागली, पण पितळी आपल्याकडं ओढून घेऊन, आजीपासून लांब. माझा जीव टांगणीला लागला होता. शाळेची साडी मी इस्त्री करून ठेवली होती आणि तिच्याकडं बघायचं टाळत होते.

शाळेचा पहिला दिवस उजाडला. साडी नेसले, म्हटलं, नेसायला काय जातंय? सासूबाई आपल्या जागी बसल्या होत्या. पोरगी चारूभात खात होती. मी उंबऱ्यात उभी, आत ना बाहेर.

पोरगी थांबली. तिनं आजीकडं बराच वेळ पाहिलं. मग मूठभर भात उचलला, पुढं सरकली आणि ती चिकट मूठ आजीच्या तोंडाशी नेली.

सासूबाईंनी ओठ मिटले. हनुवटी गळ्यात ओढून घेतली आणि भुवयांखालून त्या भाताकडं बघायला लागल्या. इतकी वर्षं त्या घरात मी फक्त ह्यांची हनुवटी पाहिली, पोरीची पाहिली. ती मुळात कुठून आली हे मला तेव्हा दिसलं. ते अक्काच्या घरचं अन्न होतं. डोहाळ्यांचं निमित्त आता नव्हतं.

पोरीची मूठ तशीच वर. तिचा खालचा ओठ हळूहळू बाहेर यायला लागला.

सासूबाईंनी तोंड उघडलं.

भात आत गेला. त्यांचं तोंड आंबलं, डोळे मिटले, अंगावर शहारा आला, हुबेहूब त्या दुपारच्या पोरीसारखा. गिळला. "यव्वा!" त्या म्हणाल्या, "लई आंबट हाय की गं." पोरगी खिदळली आणि दुसरी मूठ भरायला लागली. या वेळी सासूबाईंनी हात पुढं केला, भाताचा लहानसा घास केला आणि नातीच्या तोंडाशी नेला. तिनं तो घेतला. मग तिनं त्यांना दिला. मग त्यांनी तिला.

माझे डोळे भरून आले होते आणि मी हसतही होते. सासूबाईंनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या हनुवटीवरून चारूचा ओघळ चालला होता.

"तू अजून हितंच? घंटा व्हईल की शाळंची. जा!"

मी चपला पायात सरकवल्या. निघताना पोरगी रडेल म्हणून मी मन घट्ट केलं होतं, पण तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आजी पुन्हा तोंड कधी उघडते, तेवढंच ती बघत होती.